आधी पाळीचा हिशेब, मग दंडाची पावती

जुळे सोलापुरातल्या ४० फ्लॅटच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा प्रश्न आहे. उजनी धरण उण्यात गेलं की दर उन्हाळ्यात मोटारी जप्त करण्याच्या, नळ तोडण्याच्या, दंडाच्या घोषणा होतात. पण घरोघरी मीटरच नाहीत, तर कोण किती पाणी वापरतं हे ठरवणार कसं? आणि जे ठरवता येत नाही त्याचा दंड कोणाला, कशाच्या जोरावर? शिवाय, आमच्या सोसायटीने आपल्यापुरतं काय करावं?

माझी तीसेक वर्षं पाणीपुरवठ्यात गेली. चावीवाल्यांबरोबर पहाटे बोळातून हिंडण्यापासून ते साहेबांसाठी टंचाई आराखडे लिहिण्यापर्यंत सगळं केलं. माझं उत्तर असं की दंड करायला कायदा आहे, माणसंही मिळतात, आकडा मात्र नसतो. आणि आपल्या गावात तो आकडा घरच्या मीटरपासून सुरू होत नाही, पाळीपासून, म्हणजे एकेका भागाला ठरल्या दिवशी काही तास पाणी सोडतात तिथपासून, सुरू होतो. रोज पाणी येणाऱ्या शहरांचे नियम उचलून चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापूरला चिकटवले की तिथूनच घोळ सुरू होतो.

आधी 'उणे' म्हणजे काय ते बघू, कारण निम्मी घबराट त्या एका शब्दाची असते. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ५३.५७ उपयुक्त आणि त्याखालचं ६३.६६ मृतसाठा. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात घातला की उणे. २०२३ च्या पावसाळ्यात धरण ६० टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठाच्या घरात गेलं. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे ३२ टीएमसी. तेवढं मृतसाठ्यातून गेलं होतं आणि जवळपास तेवढंच तळाला उरलं होतं. शहराला दिवसाला १५० दशलक्ष लिटर लागतात असं धरलं तरी वर्षाचा हिशेब दोन टीएमसीच्या आत बसतो. म्हणजे धरणात पाणी असतं, फक्त ते जॅकवेलच्या, म्हणजे उपशाच्या विहिरीच्या, तोंडापासून लांब आणि खोल गेलेलं असतं. मग दुबार पंपिंग, म्हणजे पाणी दोन टप्प्यांत उपसून जॅकवेलपर्यंत आणणं, तेही पुरेना झालं की तिबार. पंपांची साखळी लांबली की एक पंप बंद पडला तरी पुढचं सगळं थांबतं. त्यात वीज गेली की शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी पुन्हा भरायला वेळ लागतो आणि अख्ख्या गावाची पाळी एक दिवसाने पुढे सरकते. लोक मात्र समजतात की चावीवाल्याने दांडी मारली.

दुसरा मार्ग नदीचा. उजनीतून भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूर ओलांडून औज बंधाऱ्यात येऊ द्यायचं, टाकळीला उपसायचं आणि सोरेगावला शुद्ध करायचं. यासाठी एका वेळी पाच-सहा टीएमसी सोडावं लागतं. म्हणजे गावाला वर्षभरात लागतं त्याच्या अडीच-तीन पट एका आवर्तनात. बाकीचं वाळूत मुरतं, उन्हात उडतं, आणि वाटेतल्या शेतकऱ्यांच्या मोटारी ओढून घेतात. त्यांनाही दोष काय द्यायचा, दारासमोरून पाणी वाहतंय आणि ऊस वाळतोय. म्हणून आवर्तनाच्या काळात नदीकाठची वीज काही तासांवर आणतात. टंचाईतली सगळ्यात मोठी अंमलबजावणी तीच. शहरातल्या सगळ्या बागांचे पाइप जप्त केले तरी त्या पाण्याची बरोबरी व्हायची नाही. उजनीहून थेट येणाऱ्या, दिवसाला १७० दशलक्ष लिटरच्या समांतर जलवाहिनीचा आग्रह का होता, ते या एका हिशेबावरून कळावं.

तुमचा प्रश्न शहरातला आहे, तिकडे वळतो.

मोजणी सुरू करायची ती उंच टाकीपासून. एक उदाहरण देतो. २० मीटर व्यासाची गोल टाकी धरा. तिच्यात पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३,१४० लिटर पाणी गेलं. पातळी चार मीटर उतरली की साडेबारा लाख. पाळीत ती दोनदा भरून दोनदा रिकामी झाली तर २५ लाखांहून थोडे जास्त लिटर त्या भागात गेले. खाली १,५०० नळजोड, घरटी पाच माणसं, आणि पाणी चौथ्या दिवशी. भागाकार केला की माणशी रोजचे ८४ लिटर निघतात. मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी केंद्राचा निकष १३५ लिटरचा आहे, तो इथे राहू द्या. मुद्दा असा की या हिशेबाला एकही घरगुती मीटर लागला नाही. टाकीच्या बाहेरून एक पारदर्शक नळी, शेजारी रंगवलेली पट्टी, आणि दर तासाला आकडा लिहिणारा प्रामाणिक माणूस, एवढ्यावर भागतं.

प्रामाणिक माणूस, यावर जरा थांबतो. एका नगरपालिकेत मी बदलून गेलो तेव्हा टाकीचं रजिस्टर मागवलं. तीन महिने रोज रात्री दहाला एकच नोंद: 'फुल'. अक्षर एकाच हाताचं, शाई एकाच पेनाची. मी शिडीवरून वर चढलो तर पट्टीवरचे आकडे कधीच पुसून गेले होते, आणि तरंगणारा चेंडू गंजून एका जागी अडकलेला. बिचारा कर्मचारी खोटं लिहीत नव्हता, त्याला खालून चेंडू वरच दिसत होता. त्या गावाने त्या वर्षी पाणी वाया घालवणाऱ्यांना दंडाच्या नोटिसा काढल्या होत्या. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असते. कोठारात किती खंडी धान्य होतं हे लिहून ठेवणारा कारकून मात्र कोणाच्या आठवणीत नसतो. पाणीपुरवठ्यात सगळं त्या कारकुनावर असतं.

टाकीचा आकडा मिळाला की त्याच पाळीत वीस घरं निवडायची. काही टाकीजवळची, काही मधली, काही अगदी शेवटची, टोकाची. प्रत्येक घरी पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ बघायचं. समजा पाळी तीन तासांची आहे. टाकीजवळच्या घरी बादली एका मिनिटात भरते. तीन तासांत २,७०० लिटर. पाच माणसं, चार दिवस: माणशी १३५ लिटर. अगदी निकषाबरहुकूम! त्याच पाळीत टोकाच्या घरी मिनिटाला चार लिटर येतात. तीन तासांत ७२०, माणशी ३६ लिटर. दोघांचा नळ अर्ध्या इंचाचा, दोघांची वर्षाची पाणीपट्टी सारखीच. आता या ३६ लिटरवाल्या बाईला तुम्ही 'पाणी जपून वापरा' असा फलक दाखवणार का?

वीस घरांची सरासरी आणि टाकीचा भागाकार शेजारी मांडला की तफावत दिसते. टाकी म्हणते ८४, घरं म्हणतात ५५. मधले २९ लिटर कुठे गेले, तेच शोधायचं काम म्हणजे टंचाईतली अंमलबजावणी. ते गळतीत असतील, नोंद नसलेल्या जोडांत असतील, दोन-चार मोठ्या गिऱ्हाइकांच्या हौदात असतील. कुठे आहेत हे कळल्याशिवाय काढलेलं पथक हा नुसता देखावा असतो.

आणि वाया जाण्याची आपल्याकडची एक खास तऱ्हा आहे, जी बाहेरच्या तज्ज्ञांना पटकन लक्षात येत नाही. पाळीचं पाणी यायची वेळ झाली की घरातले पिंप, हंडे, घागरी रिकाम्या करायच्या. पाणी 'शिळं' झालं म्हणून! चार दिवस पुरवून पुरवून वापरलेलं आणि शेवटी उरलेलं शंभर-दीडशे लिटर पाणी पाळीच्या पहाटे गटारात जातं. यात बाईमाणसाची चूक म्हणाल तर काहीच नाही. पाळी चुकली तर काय, या भीतीने ती जास्त साठवते, आणि पाळी आली की जागा करावी लागते म्हणून ओतते. पाळीची वेळ जेवढी बेभरवशाची तेवढं हे ओतणं जास्त. माझा अनुभव असा की वेळापत्रक महिनाभर तंतोतंत पाळलं की कोणतीही जाहिरात न करता हे कमी होतं. साठवलेलं पाणी झाकलेलं असेल आणि त्यात क्लोरीनची मात्रा ठीक असेल तर चार दिवसांनी ते निदान धुण्याभांड्याला, फरशीला चालतं, हे सांगायला घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका आशाताई कोणत्याही पथकापेक्षा उपयोगी पडतात.

आता मोटारी. नळाला थेट मोटार लावणं हा गुन्हा आहे, यात वाद नाही. फक्त तो पकडायचा कधी आणि कसा हे समजून घ्या. पाळी पहाटे चारची असेल तर पथक सव्वाचारला बोळात हवं, दहाला नव्हे. गाडी लांब लावायची, पायी जायचं, दिवा बंद. मोटारीचा आवाज दारापेक्षा पाइपवर नीट ऐकू येतो. नळाच्या जोडाजवळ पाइपवर लोखंडी गज टेकवून त्याला कान लावला की घरघर कळते. मोटार सापडायच्या जागाही ठरलेल्या: तुळशी वृंदावनाच्या मागे, चपलांच्या लाकडी पेटीत, जिन्याखाली पोत्याने झाकलेली. बोळाच्या तोंडावर एक पोरगं शिट्टी मारतं आणि पुढची पंधरा घरं एकदम चिडीचूप होतात. अशा वेळी विजेच्या मीटरकडे बघावं. पथक निघून गेल्यावर दोन मिनिटांत जो मीटर वेगाने लुकलुकू लागतो, ते घर.

अशोक चौकाच्या मागच्या बाजूला एकदा एक म्हातारी मोटारीवर हात ठेवून बसली होती. नवरा यंत्रमागावर, सून विड्या वळणारी. मी म्हटलं, "अक्का, मोटार काढा, पावती करावी लागंल." ती म्हणाली, "साहेब, समोरच्यानं लावली म्हणून मी लावली. त्याची काढा, माझी मीच काढते की." आम्ही समोरची काढली. तिने खरंच आपली उचलून आत ठेवली, आणि मग तिच्या नळाला दहा मिनिटांनी करंगळीएवढी धार आली. पावती मी समोरच्याचीच फाडली. नियमाने दोघांची फाडायला हवी होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यातलं तंत्र एवढंच की एका बोळात एकच मोटार सुरू झाली की तिच्या पुढच्या नळांचा दाब जातो, मग पुढचा लावतो, मग त्याच्या पुढचा. मोटार हा शेजाऱ्याकडून येणारा संसर्ग आहे. म्हणून सुट्या सुट्या वीस बोळांत एकेक मोटार जप्त करण्यापेक्षा एक बोळ पूर्ण, टाकीकडून टोकाकडे, सलग तीन पाळ्या साफ केलेला बरा. टोकाच्या घराला पाणी पोचलं की तो बोळ स्वतःच राखण करतो. शिवाय मोटार ओढते तेव्हा पाइपात पोकळी होते आणि जिथे पाइप गटारातून गेलाय, तिथे सांध्यातून घाण आत येते. टंचाईत जुलाब-काविळीच्या साथी उगाच येत नाहीत. टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, घ्या. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन दिसायला हवा. दिसला नाही तर त्या बोळात मोटार किंवा फुटका पाइप आहे असं समजा, बहुतेक वेळा दोन्ही असतात.

पाळीच्या वेळात त्या भागाची वीज बंद करावी, असा उपाय अनेक गावं करतात. मोटारी थांबतात, हे खरं. पण सोलापुरात वीज बंद म्हणजे माग बंद. साखर पेठेपासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत घरात माग असलेले किती लोक आहेत ते बघा. चादर आणि टॉवेल विणणारा तासावर कमावत नाही, नगावर कमावतो. तीन तास वीज गेली की त्याची मजुरी गेली. शिवाय अपार्टमेंटमध्ये जमिनीतल्या टाकीतून वर पाणी चढवणारा पंपही बंद, तो तर बेकायदा नाही. मला विचाराल तर हे हत्यार माग नसलेल्या वसाहतीत आणि तेही पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासापुरतं वापरावं. तेवढ्यात जलवाहिनी भरून टोकाला पाणी पोचतं.

मग मोठी गिऱ्हाइकं. इथे मात्र मीटर आधी हवा आणि दंडही कडक हवा. रंगाचे कारखाने, हॉटेलं, मंगल कार्यालयं, दवाखाने, गाड्या धुण्याची सेंटरं, जारवाले, बांधकामं. संख्या थोडी, पाणी भरपूर. सगळ्या शहराला मीटर बसवायला दहा वर्षं लागतील. वरच्या दोनशे गिऱ्हाइकांना एका उन्हाळ्यात बसतात. जारवाल्याकडे तर आत येणाऱ्या पाण्याइतकंच बाहेर टाकलेल्या पाण्याकडे बघा. आरओ यंत्रातून बरंच पाणी नाकारलेलं म्हणून निघतं, आणि बहुतेक ठिकाणी ते सरळ गटारात जातं. त्यावर गाड्या धुता येतात. बांधकामाला देगावच्या केंद्रातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी टँकरने द्यावं, आणि टंचाईच्या काळात बांधकामाच्या जागेवरचा नळजोड तात्पुरता बंद ठेवावा. खासगी बोअर आणि टँकर यांची नोंदही यात हवी. नाहीतर हॉटेलवाला मीटर दाखवून म्हणतो, बघा माझा वापर किती कमी झाला, आणि मागच्या दाराने दिवसाला दोन टँकर येत असतात.

घरगुती मीटरबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत, आणि त्यातली एक पूर्ण खरी आहे: हवेवर मीटर फिरतो. पाळी सुरू होते तेव्हा रिकाम्या पाइपातली हवा आधी नळातून सुसाट सुटते, आणि पंख्याचा साधा मीटर पाणी नसताना गरगर फिरतो. पाच मिनिटं हवा, आणि बिलात शेकडो लिटर. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह चालू ठेवणं किंवा हवा न मोजणारे अल्ट्रासॉनिक मीटर, हे त्यावरचे उपाय. उलट बाजूने लोकही कमी नाहीत. मीटर दोन पाळ्या उलटा बसवायचा, म्हणजे आकडा मागे जातो. रीडिंग घेणाऱ्याने मीटरवरचा बाण बघितला की हे लगेच कळतं. पण तो बघायचा असतो, एवढंच. हवेचा प्रश्न सोडवल्याशिवाय मीटरच्या आकड्यावर घरगुती दंड लावू नये असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच सुनावणीत तो टिकणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे पूर्वीचा १९४९ चा मुंबई प्रांतिक कायदा, पाण्याचा अपव्यय वा गैरवापर करणाऱ्याचा जोड तोडण्याचा अधिकार प्रशासनाला देतो. जलवाहिनी फोडणं, पाणी वळवून पिण्याचा पुरवठा कमी करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये येतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कारवाई टिकते ती कागदावर: तारीख आणि वेळेसह फोटो, त्या भागाची पाळी त्या वेळेला चालू होती याची टाकीच्या रजिस्टरमधली नोंद, पंचनामा, दोन साक्षीदार, आणि मोटारीचा शिक्का मारलेला मुद्देमाल. इथेही बघा, टाकीचं रजिस्टर आलंच.

बाहेरची उदाहरणं लोक फार देतात, म्हणून दोन शब्द. दंड दोन जातीचे असतात: डोळ्यांनी दिसणाऱ्या अपव्ययाचा आणि मोजून सिद्ध करायच्या अपव्ययाचा. बंगळूरने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणं, बागेला घालणं यावर ५,००० रुपयांचा दंड जाहीर केला. दिल्लीने त्याच उन्हाळ्यात २,००० रुपये आणि २०० पथकं. हे दोन्ही दिसणारे. मीटर लागत नाही, डोळा पुरतो, म्हणून ते आपल्याकडे उद्यापासून करता येतात. केप टाउनचं वेगळं. तिथे २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली, आणि ज्या घराचा महिन्याचा वापर ६,००० लिटरच्या आत असेल त्याला शहराच्या नकाशावर गडद हिरवा ठिपका दिला. त्याआधी २०१७ मध्ये सर्वाधिक पाणी वापरणाऱ्या शंभर घरांचे रस्ते जाहीर केले, नावं नाहीत. हे त्यांना जमलं कारण बहुतेक घरांच्या नळाला चालू मीटर होता आणि नळाला पाळी नव्हती. आपल्या टोकाच्या घराने ५० लिटरची मर्यादा कशी पाळायची? त्याला मिळतात ३६. आणि शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. तोवर पाळीच संपली होती, मग दंडाचं बोलणारही कोणी नव्हतं.

आता सेक्रेटरीबाई, तुमची सोसायटी. ४० फ्लॅट, साडेचार माणसं सरासरी, म्हणजे १८० माणसं. माणशी ९० लिटर धरले तर दिवसाला १६,२०० आणि चार दिवसांच्या पाळीला ६४,८०० लिटर. तुमच्या जमिनीतल्या टाकीची मापं तुम्ही दिलीत: पाच मीटर बाय चार, खोली अडीच. म्हणजे ५०,००० लिटर. पाळीत ती काठोकाठ भरली तरी चौथ्या दिवशी टँकर लागणार, यात कोणाची उधळपट्टी नाही, टाकीच लहान आहे. हा आकडा सभेत आधी मांडा, म्हणजे 'तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे' हा विषय मागे पडेल.

एक सरळ बांबू किंवा पीव्हीसीचा पाइप घ्या, त्यावर दर सेंटिमीटरला खूण करा. तुमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे बरोबर २०० लिटर. वॉचमनने सकाळी सहा आणि रात्री अकराला पट्टी बुडवून आकडा वहीत लिहायचा. आठवड्यातून एकदा रात्री अकरानंतर वरच्या टाक्या भरून पंप बंद ठेवा आणि पहाटे पाचला वरची पातळी बघा. रात्री सहा तासांत १८० माणसं थोडंफार पाणी वापरतील, पण हजार-बाराशे लिटर उतरले असतील तर फ्लश गळतायत. कोणाचा, हे शोधायला चिमूटभर नीळ फ्लशच्या टाकीत टाका आणि पंधरा मिनिटं वापरू नका. भांड्यात निळं आलं की वॉशर बदला. एका सोसायटीत आम्ही एका रविवारी सगळ्या फ्लॅटमध्ये हे केलं, नऊ फ्लश निघाले. त्यातला एक चेअरमनसाहेबांचा होता, त्यांनी वॉशरचा खर्च सगळ्यांचा दिला.

फ्लॅटनिहाय मीटरच्या मागे लगेच लागू नका. जुन्या इमारतीत एका फ्लॅटला स्वयंपाकघर, बाथरूम, संडास असे तीन-चार वेगळे पाइप गच्चीवरून उतरतात, म्हणजे फ्लॅटमागे तीन-चार मीटर. त्याऐवजी गच्चीवर प्रत्येक विंगच्या टाकीच्या मुख्य पाइपला एकेक मीटर बसवा. दर सोमवारी फलकावर फक्त दोन आकडे लिहा: अ विंग माणशी किती, ब विंग माणशी किती. कोणाचं नाव नाही. जास्त वापरणाऱ्या फ्लॅटचं पाणी तोडायच्या फंदात समितीने अजिबात पडू नये. ते कोर्टात टिकत नाही आणि जिन्यात तर नाहीच.

तुमच्या वहीतले चार पाळ्यांचे आकडे, पाळी सुरू आणि बंद झाल्याची वेळ, आणि टाकीत आलेले लिटर, एवढं एका कागदावर लिहून झोन कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पाणी कमी येतं अशा तक्रारी त्यांच्याकडे दिवसाला ढिगाने येतात, त्यांना काय उत्तर द्यायचं हे त्यांना पाठ असतं. '१२ तारखेच्या पाळीत पावणेतीन तासांत ३१,४०० लिटर आले, त्याआधीच्या पाळीत ४४,०००' असं लिहून आलेला कागद मात्र कनिष्ठ अभियंता बाजूला काढून ठेवतो. मीही ठेवायचो. आणि वॉचमनला पट्टी बुडवायच्या आधी ती क्लोरीनच्या पाण्याने धुवायला सांगा, ती तुमची पिण्याची टाकी आहे.